आईची फुली

न्यूफाउंडलंडला खारवलेल्या मासळीचा व्यापार करणाऱ्या माझ्या भावाचं, थेडीचं, पत्र आलं की आयर्लंडमधली आमची अर्धी वाडी आमच्या चुलीपाशी जमायची. इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच. "मोठ्यानं वाच गं, ब्रीद! असा भाऊ मिळायला नशीब लागतं," शेजारची ऑनरा म्हणायची. पाणथळीतून जळणासाठी कापून वाळवलेल्या मातीच्या ढेकळांची पाटी रोज मी आणायचे, ते कुणाला दिसायचं नाही. एका वसंतात त्यानं पत्रात विचारलं, "आई, दुकान विकून कायमचा येऊ का?" आई आयरिशमध्ये म्हणाली, "लिही, लगेच ये राजा. तुझ्यावाचून घरात कुणी नाही." कुणी नाही! मी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. मी इंग्रजीत लिहिलं, "आमचं बरं चाललंय. येऊ नकोस." आईनं सहीऐवजी विश्वासानं फुली मारली. दुसऱ्याच दिवशी तिनं लेकासाठी घराच्या भिंती रंगवायला काढल्या. मी तिला चुना कालवून दिला.