तिसरं रीडिंग

तिसरं रीडिंग पुन्हा जास्तच आलं. तपासणीला आलेल्या स्वातीनं ट्रान्सफॉर्मरला लावलेल्या मीटरच्या वायरी काढल्या, टोकं पुसली, परत लावल्या. पहिल्या दोन कॉइलींची रीडिंग नऊ ओहमच्या आसपास जुळत होती. हे मात्र दहाच्या वर जाऊन थांबत होतं.

"कॉइल खराब झालेली दिसते," ती म्हणाली. "रिपोर्टात रिजेक्ट लिहावं लागेल."

राईस मिलचे मालक गुणवंतराव यांनी बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या कारागिराकडे पाहिलं. चामोर्शीतली त्यांची मिल एकोणतीस हंगाम याच ट्रान्सफॉर्मरवर चालली होती. टाकीवरच्या पत्र्यावर त्याच्या कॉइली भरणाऱ्याचं, म्हणजे तार गुंडाळणाऱ्याचं नाव कोरलं होतं : कय्यूम, वरोरा. म्हणून तपासणी ठरली तेव्हाच त्यांनी फोन लावला होता, आणि सत्तरी उलटलेले कय्यूम दोन बस बदलून आले होते.

ते आता बाकावरून उठले. "थांबा, बाई. आधी व्होल्टेज कमी-जास्त करायचा तो टॅपचा स्विच फिरवा. सालोसाल एकाच जागी राहून त्याच्या पट्ट्या काळ्या पडतात."

स्वातीनं स्विच दहा-बारा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला आणि मूळ जागी आणला. मीटर लावला. आकडा उतरत गेला. नऊच्या जवळ येऊन स्थिरावला. तिन्ही रीडिंग जुळली.

"कय्यूमभाऊ, तुमच्या हाताले तोड नाई!" गुणवंतराव म्हणाले.

कय्यूम हसले नाहीत.

"हात माझा नाई, भाऊ. हा भरला त्या उन्हाळ्यात माझा हात प्लास्टरमधी होता. तिन्ही कॉइली माझ्या बायकोनं भरल्या, अख्तरीनं. तारेचा एकेक फेरा मोजे. कोणी हाक मारली तर बोट वर करे, आकडा खडूनं भिंतीवर लिहे, मंगच वळून पाहे."

"मंग पत्र्यावर तुमचं नाव काऊन?"

"बाईमाणसानं भरलेला ट्रान्सफॉर्मर तुमी नेला असता का?"

स्वातीनं पेन खाली ठेवलं.

"चाचींना एकदा घेऊन या ना," ती म्हणाली. "हे रीडिंग मला त्यांना दाखवायचंय."

कय्यूमनी टाकीवर तळहात टेकवला.

"मागच्या रमजानमधी गेली ते. दर पावसाळ्यात इचारे, चामोर्शीवाला चालू असंन का? मी एकदाही येऊन पाह्यलं नाई."