खाली कुणी असेल तिथेच

फूल दिसेल तिथेच शोधपथक खणायचं. दरडीखाली गेलेल्या वाडीवर ड्रोनने कॅमोमाइल नावाच्या फुलझाडाचं बी टाकलं होतं. प्रयोगशाळेत घडवलेली ही जात कुठेही उगवायची, पण फुलायची ती फक्त खाली माणसाचा देह असेल तिथे.

शेजाऱ्यांची घरं होती तिथे पिवळ्या गाभ्याची पांढरी फुलं आली आणि त्यांची माणसं निघाली. हिराच्या घराच्या जागेवर मात्र नुसता हिरवा पाला होता.

"आमची ऋतुजा खाली नाहीच," ती छावणीत ज्याला त्याला सांगायची. "कुठल्यातरी दवाखान्यात असेल."

तिचा नवरा बबन मान हलवायचा. रोज उजाडायच्या आत तो एकटाच दरडीवर जाऊन यायचा.

त्या सकाळी त्याने तिच्या हातात चहाचा कप दिला. त्याच्या बोटांना सफरचंदासारखा वास येत होता. शेजारणीचा मुलगा काढला, तेव्हा तुडवलेल्या फुलांचा हाच वास सुटला होता. हिराने त्याचा हात उलटा करून पाहिला. नखांत पिवळी पूड होती.

चहा निवून गेला.

"अहो," ती म्हणाली, "उद्या खुडू नका. पोरीला बाहेर काढायला हवं."