ओली लांबी
“डॅशबोर्डच्या भेगेत लांबी भरलीस की सुकेपर्यंत हात लावू नकोस म्हणजे मिळवली! तुला दम कुठला?” स्ट्रेचरवरूनही बाबांनी मुलाला सुनावलंच. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या त्याच्या येरझाऱ्यांनी डोकं उठलं तेव्हा आईनं त्याला घरी पिटाळलं. बाबांच्या जुन्या गाडीत बसून त्यानं डॅशबोर्डच्या तडकलेल्या व्हिनाइलमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. फोन वाजेना, हाताला चैन पडेना. सुकली का बघायला अंगठा टेकवला, आणि व्हायचं तेच झालं, ठसा उमटला. स्वतःला शिव्या घालत त्यानं लांबी खरवडली, तशी शेजारच्या जुन्या रंगाची खपली निघाली. खाली बाबांनी कधीकाळी भरलेली लांबी होती, आणि तिच्यात उमटलेला भलाथोरला अंगठा. तेवढ्यात फोन वाजला. “शुद्धीवर आले रे!” आई रडतरडत हसत होती. “पहिलं काय विचारलं? ‘कारट्यानं हात लावला ना?’” “लावला. पण म्हणावं, तुमचाही अंगठा सापडलाय.”