मूठभर अक्षता

"सर, थांबा, सुरू नका करू," रेवती म्हणाली, आणि अख्खी कंट्रोल रूम तिच्याकडे वळून बघायला लागली.

म्हणजे बघा ना, छोट्या खासगी जेट विमानांसाठी बनवलेलं नवंकोरं इंजिन, सगळ्यांची चार वर्षांची मेहनत, मागे खुर्च्यांवर पाहुणे बसलेले, दामले सरांचं बोट बटणावर. आणि हिला नेमकं आत्ता आठवलं, की सकाळी पूजेत हळदकुंकू लावून झाल्यावर, घरच्या सवयीने, आपण अक्षता थेट इंजिनाच्या तोंडात टाकल्या. त्या इंजिनाला बाहेरचा एक कणसुद्धा चालत नाही. आता गेली नोकरी, असंच वाटलं तिला.

"आत अक्षता पडल्यात. माझ्या हातून."

"किती?"

"मूठभर."

सरांनी बोट मागे घेतलं, डोकं खाजवलं. "तुझ्या मूठभर आणि माझ्या चिमूटभर. मीही टाकल्या की गं. चल, टॉर्च घे."

पाहुण्यांना जेवायला पाठवलं, आणि हे दोघं पात्यांमध्ये माना घालून कोंबड्यांसारखे दाणे टिपत बसले. मग कॅमेऱ्याची नळी घालून पार आतपर्यंत तपासलं.

संध्याकाळी कंट्रोल रूमच्या जाड काचेपलीकडे इंजिन फिरायला लागलं, तेही आत इतकं हळू गुरगुरत ऐकू येत, की मागून एक पाहुणे म्हणाले, "अहो, सुरू कधी करताय?"

"झालं की काका," रेवती म्हणाली.

सरांनी खिशातून टिपलेल्या अक्षता काढल्या आणि तिच्या डोक्यावर टाकल्या. "या इथे टाकायच्या असतात."