विचारी कॉम्प्युटर

मनीरामनं काळा वजीर मारला आणि तो खुर्चीतच मांडी घालून बसला. आता कॉम्प्युटर काय करतो ते त्याला बघायचं होतं.

कॉम्प्युटर काहीच करत नव्हता. तो लगेच कधी काही करतच नसे. मनीरामनं सकाळी चाल करावी, चहा होईपर्यंत वाट पाहावी आणि कंटाळून बंद करावं. दुसऱ्या दिवशी उघडावं तर काळ्याची चाल होऊन बसलेली. मशीन जुनं. ते सुरू होईपर्यंत गायीचं दूध काढून व्हायचं. अशानं विचार करायला रात्र घेतली तर नवल ते काय? मनीरामला त्याचा हा स्वभाव फार आवडायचा. काळ्या सोंगट्यांना त्यानं स्वतः चुकूनही हात लावला नव्हता. दुसऱ्याच्या वाटची चाल करणं त्याला बेइमानी वाटे.

"झालं का जी तुमचं?" त्याची बायको धनवंता पदराला हात पुसत ओसरीवर आली. "संघदीप येऊन राहिला. आज ते नवीन टाकून घ्याचं म्हंजे घ्याचं."

संघदीपचं आमगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आणि पुण्याच्या मुलानं फोनवर बजावलं होतं, की एक्सपीचा जमाना गेला, आता नवीन विंडोज टाका, म्हणजे कॅमेऱ्यावर नातू दिसेल. धनवंतानं नातवाला बारशानंतर पाहिलेलं नव्हतं.

"नाई टाकाचं," मनीराम म्हणाला. "बरं चाललं आहे, त्यात कायले बोट घालाचं?"

"तुमाले लेकरापरस हा डब्बा प्यारा!" धनवंताचा आवाज चढला. "मागच्या पावसाळ्यात हप्ताभर यानं चाल नाई केली, तं तुमच्या गळ्याखाली घास उतरत नव्हता. अन् त्याच हप्त्यात सख्खा भाऊ मलेरियानं दवाखान्यात पडून होता. त्याले पाहाले गेले का तुमी?"

हे शेवटचं तिनं मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. कारण तो सख्खा भाऊ, ओमेश्वर, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बाजेवर पेपर वाचत बसला होता. त्यानं नुसतं पान उलटलं.

वाटणी झाल्यापासून, म्हणजे आठ वर्षं, दोघा भावांत विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. मोटारपंपाच्या पाळीवरून सुरू झालं आणि मग धानाच्या बांध्या वाटल्या, बैल वाटले, मोहाची झाडं मोजून घेतली. कॉम्प्युटर करवतीनं कापता येईना, म्हणून पंचांनी तो सामाईक ओसरीवर ठेवला. दुपारपर्यंत थोरल्याचा, दुपारनंतर धाकट्याचा. ओमेश्वर त्यावर धानाचे भाव पाहतो, अशी मनीरामची समजूत होती. दुसरं त्याला येतं तरी काय? लहानपणी मनीरामनं त्याला बुद्धिबळ शिकवायला घेतलं, तर हा हरला की सोंगट्या उधळून द्यायचा.

खरं सांगायचं तर, वाटणीनंतर मनीराम एकटा पडला होता. पोरं गेली, भाऊ गेला. रोज सकाळी त्याच्यासाठी काहीतरी करून ठेवणारा आता हा एक डबाच उरला होता. हा डाव गेला तर सकाळी उठायचं कशासाठी, असं त्याला मनापासून वाटे. पण बायकोला हे सांगायचं कोणत्या तोंडानं?

संघदीप आला. मनीरामनं रोजच्यासारखं बंद केलेलं मशीन परत चालू होईपर्यंत त्याचं पाणी झालं, चहा झाला, पावसाचं बोलून झालं.

"काकाजी, नवीन टाकलं तं जुनं सारं पुसावं लागते. तुमचं हे बुद्धिबळ त्याच्यावर चालनार नाई. पन दुसरं भेटन. अन् तुमी चाल केली का थे लगेच चाल करते, फटाफट!"

"थेच तं नाई पाहिजे!" मनीराम उसळला. "ज्याले विचार कराले टाइम लागत नाई, त्याच्यासंग कायले खेळाचं?"

संघदीपनं मान खाजवली. वस्तू सामाईक, तेव्हा दुसऱ्या मालकाला विचारणं भाग होतं. "ओमेश्वरकाका, तुमचं काय म्हननं आहे जी?"

धनवंताचा चेहरा उजळला. थोरला 'नाही' म्हणाला की धाकटा 'हो' म्हणणार, हा आठ वर्षांचा रिवाज होता.

"त्याले सांग," ओमेश्वर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "माह्याकडूनबी नाई."

धनवंताचा आ वासलेलाच राहिला. मनीरामही चपापला. भाऊ आपल्या बाजूनं बोलतो म्हणजे यात काहीतरी डाव असणार. क्षणभर त्याला वाटलं, आपणच 'हो' म्हणून टाकावं.

"त्याले विचार," तो संघदीपला म्हणाला, "त्याचं काय अडून राहिलं?"

"त्याले सांग, माहं मी पाहीन."

धनवंता पायरीवर जाऊन बसली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. संघदीपला राहवेना. "रडू नोका काकू. तो डाव नव्यावर नेता येते का पाहतो मी."

त्यानं खेळ उघडला. पडद्यावर पट आला, पांढरा जोरात, काळा वजिराविना. तिकडे बाजेवर पेपर सळसळला. ओमेश्वरनं मान लांब केली, मग उठला आणि आपली वेळ नसतानाही संघदीपच्या मागे येऊन उभा राहिला. मनीरामनं कपाळाला आठ्या घातल्या, पण बोलणार कसा?

संघदीपनं खेळाच्या सेटिंगमध्ये पाहिलं. परत पाहिलं.

"काकाजी, हे कोनासंग खेळता तुमी?"

"कोनासंग म्हंजे? कॉम्प्युटरसंग."

"कॉम्प्युटर यात खेळतच नाई जी. दोन मानसायच्या खेळावर लावून आहे हे. पहिल्यापासून."

ओमेश्वर पडद्यावर वाकून आपल्या काळ्या सोंगट्या मोजत होता. मग त्यानं मान वर केली आणि आठ वर्षांत पहिल्यांदा, मध्ये कुणालाही न घालता, तो थेट भावाशी बोलला.

"म्हंजे माहा वजीर तूच मारला का, दादा?"