धाकटीला सांगितलेला काढा

कांद्याच्या चाळीआड सुलाबाई श्वास रोखून उभी होती. तिच्यासारख्या दमेकरणीला हे सोपं नव्हतं. कांद्याची धूळ नाकात गेली की आधी शिंका, मग धाप. पण आज तिला जिवापेक्षा बघण्या-ऐकण्याची निकड जास्त होती.

परसात सासू धाकट्या सुनेला शिकवत होती. "अडुळशाचं पिकलेलं पान घ्यायचं, कवळं नाय. रिंगणीचं मूळ सावलीत वाळवायचं."

लंका मान डोलावत होती. सुलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

सासूचा, म्हणजे सगुणाबाईचा, दम्या-खोकल्यावरचा काढा निफाडपासून ओझरपर्यंत ठाऊक होता. विंचूरला कांदा निवडणाऱ्या बायका यायच्या, रविवारी विमानाच्या कारखान्यातले कामगार सायकलींवरून यायचे. काढा कसा करायचा ते मात्र सासूनं एकाच सुनेला सांगायचं, अशी घरची रीत. थोरली म्हणून तो मान सुलाबाईचा. बारा वर्षं तिनंच काढ्याच्या झाडांना पाणी घातलं होतं. आणि सासूनं निवडली कोण, तर आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली लंका, जिला अजून धड पिठलं जमत नव्हतं! आता गाव तिला लंकाबाई म्हणू लागलं होतं. परवा तर शाळेचे मास्तर तिच्या पाया पडले. सुलाबाईला दोन दिवस जेवण गेलं नाही.

सासू रोज सकाळी दम्यासाठी काढ्याची वाटी स्वतः सुलाबाईच्या हातात द्यायची आणि संपेपर्यंत समोर बसायची. आपण वासावरून काही ओळखू नये म्हणून ही राखण, असं सुलाबाईनं पक्कं धरलं होतं.

आठ दिवस ती चाळीआड उभी राहिली. नवव्या दिवशी सासूनं वाटी पुढे केली, तेव्हा तिनं हात मागे घेतला.

"राहू द्या, आत्याबाई. माझा मी करून घेईन आता."

मग तिनं बोटांवर मोजत सगळं घडाघडा सांगितलं. अडुळशाचं पिकलं पान, रिंगणीचं मूळ, बेहड्याची साल, चार पिंपळ्या, वरून गुळाचा खडा. सांगताना तिला बारा वर्षांत कधी वाटलं नव्हतं इतकं बरं वाटत होतं. लंका चुलीपाशी खाली मान घालून बसली होती. सुलाबाईनं तिच्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

"लंकीनं सांगितलं?" सगुणाबाईनं विचारलं.

"तिनं कशाला? मला डोळे हायेत की. थोरली मी, आन मान तिला. का म्हणून?"

वाटीतला काढा सगुणाबाईच्या लुगड्यावर सांडला, तरी तिनं तो पुसला नाही.

"ज्याला हा काढा कळतो ना सुले, त्याला त्याचा गुण येत नाय," ती म्हणाली. "माझ्या सासूनं मला सांगितला, तेव्हापासून माझ्या खोकल्याला तो कधी लागू पडला नाय. लंकीची छाती धडधाकट हाय. तुला जगवायची होती मला, म्हणून तिला सांगितला."