दीपगृहाचं दार

टेबलावर त्यांच्या जगाचा नकाशा पसरला होता. वृषाली, याकूब, सुधा आणि निरंजन या चौघांनी कॉलेजात असताना फासे टाकत, भांडत ते जग रचलं होतं. नियम एकच होता. ज्याची टर्न, त्यानेच त्या जगात नवी गोष्ट घालायची आणि तोवर बाकीच्यांनी गप्प बसायचं. वृषालीने शेवटच्या बेटावर एक दीपगृह काढलं होतं. त्याच्या बंद दारामागे काय आहे, ते निरंजनने सांगायचं होतं. "यानातून कळवतो," म्हणून तो अंतराळमोहिमेवर गेला.

यानाच्या त्या अफाट वेगात त्याचा जेमतेम पंधरवडा सरला आणि इथे वृषालीचे केस पिकले, याकूबचे गुडघे गेले. दारामागे काय आहे ते सुधाला केव्हाच सुचलं होतं. दवाखान्यात वृषालीने तिला विनवलं, "आता तरी सांगून टाक गं."

"छे! टर्न निरंजनची आहे," सुधा हसून म्हणाली. आठवड्यात ती गेली, आणि तिला सुचलेलंही तिच्याबरोबर गेलं.

आज निरंजनचा निरोप आला. आवाज तोच, पंचविशीतला.

"सॉरी यार, खूप डोकं खाजवलं, काही सुचत नाही. माझी टर्न सुधाला द्या. तिच्या डोक्यात नक्की काहीतरी शिजत असणार. लवकर सांग म्हणावं, किती वाट बघायची माणसाने!"

याकूबने निरोप बंद केला.

"कळवायला हवं त्याला," तो म्हणाला.

"कळव की," वृषाली नकाशा गुंडाळत म्हणाली. "उत्तर पोचेपर्यंत त्याच्याकडचा चहाचा डबासुद्धा संपायचा नाही. आपण मात्र नसू."